ह्यांच्यासंगं पाहिलेले हसायचे सिनेमे

आमच्या ह्यांच्यासंगं एखादा हसायचा सिनेमा पहिल्यापासून शेवटापर्यंत धड बघायला मिळाला, असं फार थोड्या वेळा झालं. रडायच्या सिनेमाला ह्यांचा काही त्रास नसे. देवादिकांच्या सिनेमात तर हे हात जोडून बसत आणि अर्ध्यावर डुलकी काढत. पण पडद्यावर कुणी साहेब आला, अरब आला, पठाण आला, आणि त्याच्या बोलण्याचालण्याला लोक हसायला लागले, की ह्यांचं डोकं फिरे.

सिनेमाचं वेड माझं. ह्यांचं नव्हे. लहानपणी कवठे महांकाळच्या बाजारात तंबूतला सिनेमा यायचा, आणि आमचे वडील, अण्णा, गाडी जुंपून आम्हां सगळ्या भावंडांना घेऊन जायचे. तेव्हापासून मला पडद्यावर काहीही चालायचं, पण हसायचं असलं तर फार आवडायचं. लग्न झालं आणि वर्षाच्या आत हे पलटणीबरोबर लढाईवर गेले. त्यानंतरची वर्षं मी सासरी, कोरेगावच्या बाजूच्या खेड्यात, शेण-गोठा आणि दळण-कांडण ह्यांत काढली. हसण्यासारखं तिथं काही नव्हतं. म्हणून लढाई संपून हे सुखरूप परत आले, कचेरीत पट्टेवाल्याची नोकरी लागली आणि साताऱ्यात दोन खोल्यांचं बिऱ्हाड झालं, तेव्हा मला पहिल्यांदा कशाचा आनंद झाला असेल, तर घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर थेटर आहे ह्याचा.

थेटर म्हणजे पत्र्याची मोठी शेड. मधे कमरेएवढी लाकडी आड घातलेली. अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. रविवारी दुपारच्या खेळाला आम्ही जात असू. आमच्या शेजारी एक जुने सुभेदार राहायचे, पहिल्या महायुद्धातले. ते आणि हे पुरुषांत बसायचे, सुभेदारीणबाई आणि मी बायकांत. अंधार झाला, पडदा उजळला, की मला वाटायचं, आता दोन-अडीच तास मी कुणाची सून नाही, कुणाची बायको नाही. आणि तेवढ्यात आडेपलीकडून ओळखीचा आवाज यायचा.

"आगं, साहेब असा न्हाई नाचत मिरची खाऊन!"

पडद्यावर एक साहेब हिरवी मिरची चावून उड्या मारत असायचा आणि सगळं थेटर हसत असायचं. पण आमचे हे अर्धवट उभे राहून लोकांना सांगत असायचे, "आमचा कप्तान लंगरात बसून आमच्या बराबर रस्सा वरपायचा. घाम यायचा, पर थांबायचा न्हाई. काय बी दावत्यात!"

ते 'आगं' मला उद्देशून असायचं. पाचशे माणसांच्या डोक्यांवरून.

एका सिनेमात अरब होता. कमरेला वाकडा सुरा, मागं चार बायका. ह्यांचं लगेच सुरू, "सुरा घिऊन हिंडतोय व्हय त्यो? आमास्नी वाळवंटात खजूर दिला, पानी दिलं त्यानं." पुढच्या एका सिनेमात चिनी होता. लांब शेंडी, बोलणं बारीक आवाजात. चिनी तरी ह्यांनी कुठं पाहिला असणार म्हणून मी निर्धास्त बसले. तर लढाईवरून परत येताना बोटीवर एक चिनी आचारी होता म्हणे, आणि तो ह्यांच्यापेक्षा मोठ्यानं बोलायचा. तेही थेटरातल्या सगळ्यांना कळलं.

माझ्या आजूबाजूच्या बायका मान वळवून विचारायच्या, "कुनाचा गं ह्यो?"

"काय की बाई," मी म्हणायची, आणि पदर पुढं ओढायची. नवऱ्याला ओळख देत नाही ती कसली बायको, असं कुणी म्हणेल. त्याला मी एकदा ह्यांच्यासंगं हसायच्या सिनेमाला पाठवीन.

घरी आल्यावर मी चिडायची. "आवं, खोटं असतंय ते. लोकांनी हसावं म्हणून करत्यात. तुमाला काय त्याचं?"

"मला काय न्हाई," हे म्हणायचे. "पर खोटं ते खोटंच की."

"मग उगी का बसत न्हाई?"

"बसतो की."

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. असं सहा महिने चाललं. दारावर तिकीट फाडणारा माणूस ह्यांना बघितलं की विचारायचा, "पावनं, आज गप बसनार न्हवं?" हे मान हलवायचे. तो माणूस भला होता. दर वेळी विश्वास ठेवायचा.

मग तो एक सिनेमा आला. मराठी बोलपट होता, आणि साताऱ्यात त्याची चर्चा अशी, की बाजारात भाजी घेताना बायका त्यातलं बोलून दाखवायच्या. थंड हवेच्या ठिकाणी एक मराठी माणूस खानावळ काढतो आणि तिथं देशोदेशीचे पाहुणे येऊन उतरतात, एवढीच गोष्ट. साहेब दर पाच मिनिटांनी चहा मागतो. पठाण प्रत्येक गोष्टीला दंडुका उगारतो. बंगाली माणूस ताटात मासा नाही म्हणून रडतो. आणि एक इटलीचा वादक. मोठ्या मिशा, काखेत बाजाची पेटी, अंगात तंग विजार.

त्या इटलीवाल्याची गंमत अशी, की कुठं काही धडाम झालं, की तो दोन्ही हात वर करायचा. पातेलं पडलं, हात वर. दार आपटलं, हात वर. कुणी शिंकलं, हात वर. लढाई नुकतीच होऊन गेलेली. इटलीनं हत्यारं टाकली, शरण गेली, हे साताऱ्यातल्या पोराटोरांना माहीत होतं. घरटी एक माणूस पलटणीत होता. त्यामुळं पहिल्यांदा त्यानं हात वर केले तेव्हा थेटरात जे हसू फुटलं, ते पत्र्यावर गारा पडाव्यात तसं. मीही हसले. पोट धरून हसले. सुभेदारीणबाई माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या. दुसऱ्यांदा हसलो. तिसऱ्यांदा पातेलं पडायच्या आधीच लोक हसायला लागले.

आणि आडेपलीकडून आवाज आला.

"हसू नगा!"

मी पदर पुढं ओढला. पण ह्या वेळचा आवाज रोजचा नव्हता. हे पूर्ण उभे राहिले होते. पडद्याच्या उजेडात ह्यांचा फेटा दिसत होता.

"खाली बस रं गड्या," सुभेदारांचा आवाज आला. "थट्टा हाय ती. मनाला काय लावून घेतोस?"

"थट्टा व्हय?" हे म्हणाले. "सुभेदार, तुमच्यावर ती येळ आली न्हाई, म्हून थट्टा. आमीबी केलं हुतं हात वर. सगळी तुकडीच्या तुकडी उनात हुबी हुती हात वर करून. पानी संपलं हुतं, गोळी संपली हुती. तवा कुनी हसलं न्हाई."

पडद्यावर इटलीवाला हात वर करून उभा, आणि इकडं कुणी हसेना. मग मागच्या बाकांवरून कुणीतरी ओरडला, "मर्दा, ते घरी बायकोला सांग की!" आणि सगळे ह्यांना हसले.

हे त्या आवाजाच्या रोखानं निघाले. बाकं सरकली, कुणाच्या पायावर पाय पडला, बोंबाबोंब झाली. मशीन थांबलं आणि दिवे लागले. दारावरचा माणूस आला आणि ह्यांच्या दंडाला धरून म्हणाला, "चला पावनं, भाईर चला. म्या तुमाला रोज इचारतो न्हवं?"

माझ्या पुढच्या बाकावरची बाई मागं वळली. "कुनाचा गं ह्यो?"

मी बोलायच्या आत सुभेदारीणबाई म्हणाल्या, "हिचाच."

उठले. करते काय?

बाहेर दुपारचं रणरणतं ऊन होतं. हे पुढं, मी मागं. माझा जीव नुसता जळत होता. सगळं गाव बघत होतं तो सिनेमा मला अर्ध्यावर सोडावा लागला होता आणि पाचशे माणसांपुढून मान खाली घालून यावं लागलं होतं. पाण्याच्या हौदापाशी हे कट्ट्यावर बसले. मी उभीच राहिले. म्हटलं, "झालं समाधान?"

ह्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. हे लढाईत कैद झाले होते एवढं मला ठाऊक होतं. आधी बेपत्ता म्हणून कागद आला होता, मग कैदी म्हणून. सासूबाईंनी त्या वर्षी केसाला तेल लावलं नव्हतं. पण परत आल्यावर हे त्यातलं अक्षर बोलले नव्हते. मी विचारलं तर "हुतो की. आलो की," एवढंच.

त्या दिवशी हौदाच्या कट्ट्यावर बोलले. ह्यांना आणि बाकीच्यांना वाळवंटातून बोटीनं इटलीत नेलं आणि तारेच्या कुंपणात ठेवलं. वर्षभरानं इटलीनं हत्यारं खाली ठेवली, तेव्हा पहारेकरी कुलपं उघडी टाकून आपापल्या घरी गेले. पण मागून जर्मन येत होते. हे आणि आणखी दोघे डोंगरात पळाले, आणि थंडीत त्यांची चुकामूक झाली. तापानं फणफणलेले हे एका शेतकऱ्याच्या गोठ्यात सापडले, ते त्या घरच्या म्हातारीला. तिचा मुलगा लढाईत गेला होता. तिनं मुलाचा कोट ह्यांच्या अंगावर घातला आणि ह्यांना त्या हिवाळ्यात ठेवून घेतलं.

"मक्याचं पीठ शिजवायची," हे म्हणाले. "आन मोठ्या पाटावर वतायची. समद्यांनी आपापल्या बाजूनं खायाचं. मला मधी बसवायची."

"आन जर्मन?"

"आलं की. एकदा घरातच आलं तिघं. म्या चुलीपाशी. मला त्यांची भाषा येत न्हाई, रंग ह्यो असा. म्हातारीनं पातेल्यातला डाव उचलला आन माज्या पाठीत घातला. वरडाय लागली. काय म्हनली ते मागनं तिच्या नातीनं खुणांनी सांगितलं. ह्यो माजा दूरचा भाचा, दक्षिणेकडचा हाय, म्हून काळा हाय, म्हून येडा हाय, आन मुका बी हाय, नुसता खातोय. त्या मुलखात दक्षिणेच्या मानसाला सगळी हसत्यात. जर्मनबी हसलं. हसत हसत गेलं."

ह्यांनी मांडीवरचा फेटा गुंडाळायला घेतला. मग म्हणाले, "ती म्हातारी काय शरण गेली न्हाई कुनाला. म्या सापडलो असतो, तर त्यांनी तिचं घर जाळलं असतं."

मी खाली बसले. मला काय वाटलं ते खरं सांगते. रडू आलं, हे तर आहेच. पण त्याच्या जोडीला रागही आला. परत येऊन दीड-दोन वर्षं झाली होती, रोज माझ्या हातची भाकरी खात होते, आणि अशी एक म्हातारी होती हे मला सांगायला सिनेमातला मिशावाला लागला. त्या मागच्या बाकावरच्या टवाळाचं काय चुकलं? बायकोला सांगितलंच नव्हतं.

"मला आधी का न्हाई सांगितलंत?"

"तू इचारलं न्हाईस."

मी कपाळावर हात मारला.

इथं मला माझं थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं माहेर कवठे महांकाळच्या पुढं, जतच्या वाटेवर. तिथून कानडी मुलूख जवळ. आमच्या गावात म्हातारी माणसं दोन्ही भाषा बोलायची, आणि आमचं मराठीही त्याच वळणाचं. आमच्याकडं बाई माणूस सुद्धा "मी आलो, मी जातो, मी जेवलो" असंच बोलते. आई तसं बोलायची, आजी तसं बोलायची. त्यात काही वावगं आहे हे मला सासरी कळलं.

लग्न होऊन चार दिवस झाले असतील. सासूबाईंनी विचारलं, "जेवलीस का गं?" मी म्हटलं, "व्हय, मी जेवलो." ओसरीवर बसलेली सगळी माणसं हसायला लागली. जाऊबाई म्हणाली, "सून आनली का गडी?" तेव्हापासून मी त्या घरात कानडीण. माझं बोलणं काढून दाखवणं ही त्या घरातली करमणूक. पाहुणा आला, की सासरे म्हणायचे, "ए कानडे, जरा बोल की पावन्यांपुढं." आमचे हेही त्यात होते. लढाईवर जाईपर्यंतच्या त्या थोड्या दिवसांत ह्यांनी मला नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. "कानडे" हीच हाक. प्रेमानंच मारायचे, पण तीच.

हे लढाईवर असताना मी माझी जीभ सरळ केली. जातं ओढताना मनातल्या मनात घोकायची: मी आले, मी गेले, मी जेवले. माहेरी गेले की आई म्हणायची, "काय गं, बामनावानी बोलालीस?" आता हे लिहिताना मी 'लिहिते' असं लिहिते, तेही मला शिकावं लागलेलं आहे. पण तेव्हा वाटायचं, शिकलं ना, मिटलं.

त्या अर्ध्या सिनेमाची हुरहुर काही मला सुटेना. सगळ्या बायकांना उत्तरार्ध माहीत, मलाच नाही. सुभेदारीणबाई म्हणायच्या, "आगं, मधल्या सुट्टीनंतर तर लय हसू." शेवटी पुढच्या रविवारी मी ह्यांना म्हटलं, "मी जाणार. तुमी येऊ नका."

"येतो की. गप बसतो."

"नगा."

"आईशपथ. त्वांड उघडनार न्हाई."

सुभेदारांनी मधे शब्द टाकला, दारावरच्या माणसानं पुन्हा एकदा विश्वास ठेवला, आणि आम्ही आत गेलो. मी सगळा वेळ आडेकडं कान लावून. इटलीवाला आला. पातेलं पडलं, हात वर झाले, थेटर हसलं. आमचे हे गप्प. मी मान उंच करून पाहिलं, तर खाली बघत बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मला एकदम माया वाटली. मी स्वतः हसले नाही. सुभेदारीणबाईंनी कोपरानं डिवचलं तरी हसले नाही.

मधली सुट्टी झाली. आणि मग खानावळीत नवा आचारी आला.

तो कानडी होता. कपाळाला आडवं गंध, उघडं पोट, त्यावर जानवं. आणि त्याची बायको, ढोपरापर्यंत उचललेलं लुगडं, हातात झारा. आचारी मालकिणीला म्हणायचा, "तो बाई आला," आणि मालकाला म्हणायचा, "ती धनी गेली." लोक पडायचे हसून. मग मालक त्या बायकोला विचारतो, "तुझं लग्न कधी झालं गं?" ती पदर चावून, डोळे मिचकावून म्हणते, "मी लाजलो!"

थेटर फुटलं. सुभेदारीणबाईंनी माझ्या पाठीत थाप मारली. "बघ बघ, तुज्या म्हायारची!" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. ती बया परत म्हणाली, "मी लाजलो!" आणि पुन्हा हशा. आणि त्या हशाच्या वर, आडेपलीकडून, मला एक हसणं वेगळं ऐकू आलं. खो-खो करून, मधेच खोकला येऊन, पुन्हा खो-खो करून. ते हसणं मी पाचशेत काय, पाच हजारांत ओळखलं असतं.

सिनेमा संपेपर्यंत ते हसणं चालू होतं. मी शेवट बघितला. काय झालं त्यात ते आज आठवत नाही.

परत येताना सुभेदार आणि सुभेदारीणबाई पुढं गेले. हे माझ्याबरोबर चालत होते आणि अजून हसत होते. "बघ, गप बसलो का न्हाई? आन ती आचाऱ्याची बायकू! मी लाजलो!" असं म्हणून ह्यांनी रस्त्यावर त्या बाईसारखा पदर चावायचं सोंग केलं.

मी थांबले.

"ती इटलीची म्हातारी तुमची कोण?"

"आं?"

"कोण लागते तुमची?"

"लागती म्हंजी... जीव वाचवला तिनं माजा."

"आन मी?"

ह्यांना काही कळेना. "तुजं काय मधीच?"

"त्या मिशावाल्याला कुणी हसलं तर तुमी मारामारीला जाता. आन ही बया बोलते ते माझ्या आईचं बोलणं हाय. माझं बोलणं हाय. त्याला सगळ्यात मोठ्यानं तुमी हसता."

"आगं," हे म्हणाले, "थट्टा हाय ती. मनाला काय लावून घेतीस?"

बोललेलं त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं, कारण सोंगासाठी तोंडाशी धरलेला हात त्यांनी खाली घेतला. मी म्हटलं, "सुभेदार बी हेच म्हणले होते," आणि चालायला लागले.

त्या दिवसापासून मी घरात माहेरचं बोलायला लागले. सकाळी म्हणायची, "चहा ठेवलो हाय, घ्या." दुपारी म्हणायची, "मी बाजारला जातो." "मी दमलो." पहिल्या दिवशी हे हसले. दुसऱ्या दिवशी हसले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "का जिवाला तरास करून घेतीस?" मी म्हटलं, "तरास कसला? मी बोलालोय." इतकी वर्षं घोकून सरळ केलेली जीभ चार दिवसांत मूळच्या जागी गेली, आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. ह्यांचा बदल मात्र मला दिसत नव्हता. माणूस हसत नाही म्हणजे त्याला समजलं असं होत नाही. कधी कधी तो फक्त घाबरलेला असतो.

महिन्याभरानं सासरे बिऱ्हाडी आले. पाट मांडले, ताटं वाढली, आणि सवयीनं ते म्हणाले, "काय कानडे, बोल की जरा." मी भाकरी वाढत होते. तर हे ताटावरची नजर न काढता म्हणाले, "दादा, तसं म्हनू नगा तिला."

सासरे बघत राहिले. "का रं?"

"नगा म्हनू," एवढंच हे म्हणाले, आणि भाकरी मोडायला लागले. सासऱ्यांना काय उमजलं कोण जाणे, पण त्यांनी ती हाक माझ्यासमोर पुन्हा मारली नाही. त्या दिवशी मला वाटलं, चला, एवढा अपमान गिळून मनस्ताप करून घेतला, त्याचं काहीतरी झालं.

झालं ते असं.

पुढच्या पावसाळ्यात एक नवा हसायचा सिनेमा आला. त्यात एक कापडवाला होता, बेळगावकडचा दाखवला होता. चांगला विनोदी होता तो. मालाची तारीफ करताना "कापड कसा गुळगुळीत" म्हणायचा आणि गिऱ्हाइकाला कधी "अण्णा" तर कधी "अक्का". मला खरोखर हसू आलं. आमच्या बाजारातला एक कापडवाला हुबेहूब तसा बोलायचा. कित्येक दिवसांनी मी मोकळी हसत होते. आणि आडेपलीकडून फेटा वर आला.

"बंद करा रं ही टवाळी!" हे गरजले. "कानडी मुलखातल्या मानसाला हसू नगा! आमची बायकू तिकडलीच हाय! ती बगा, तितं बसलीया!"

आणि ह्यांनी बोट दाखवलं.

पाचशे माणसं वळली. पडदा सोडून सगळे आडेवरून माझ्याकडं बघायला लागले. बायका उठून उभ्या राहून बघत होत्या. कुणीतरी मागून बारीक आवाजात म्हणालं, "मी लाजलो!" आणि थेटर असं हसलं, की त्या बिचाऱ्या कापडवाल्याला तसं हसू उभ्या सिनेमात मिळालं नसेल. ह्या वेळी दारावरच्या माणसानं हात जोडले. "पावनं, आता तुमी हिकडं येऊच नगा," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते हसून की रडून ते कळलं नाही.

बाहेर पाऊस लागला होता. एक छत्री, दोघं तिच्याखाली. मी म्हटलं, "तुमाला कुणी सांगितलं होतं उठायला?"

"आगं, तुज्यासाठीच उठलो न्हवं का?"

"मी हसालतो! मला आवडालतं ते!"

हे थांबले. छत्री तिरकी झाली आणि माझा अर्धा खांदा भिजला. "म्या हसलो तर तुला राग. म्या उठलो तरी राग. आन तू सोता हसतीस. म्या नेमकं करावं काय, ते तरी सांग."

ते मला आजही सांगता येत नाही. माझ्या माणसांना मी हसले तर चालतं, ह्यांनी हसलेलं खपत नाही, सुभेदारीणबाई हसल्या तर थोडं लागतं, आणि ह्यांनी भर थेटरात माझी बाजू घेतली तर धरणीत गाडून घ्यावंसं वाटतं. ह्यात सरळ रेघ कुठं ओढायची? पण हे सगळं मी तेव्हा भर पावसात रस्त्यावर कसं सांगणार? मी म्हटलं, "छत्री नीट धरा."

त्यानंतर आम्ही सिनेमाला एकत्र गेलो नाही. थेटरात ह्यांना मज्जाव होता, आणि मला तो पटला होता. रविवारी दुपारी हे सुभेदारांबरोबर कुस्त्यांच्या फडावर जायचे. तिथं कितीही ओरडलं तरी कुणी बाहेर काढत नाही. मी आणि सुभेदारीणबाई थेटरात. संध्याकाळी घरी आल्यावर हे चुलीपाशी येऊन बसायचे आणि विचारायचे, "काय हुतं आज?"

सांगताना मी साहेबाची मिरची गाळायची, पठाणाचा दंडुका गाळायची, मारवाड्याचं, मद्राशाचं, चिनी माणसाचं बोलणं गाळायची. एवढं गाळल्यावर सांगण्यासारखं फारसं राहत नसे. भाकरी तव्यावरून उतरायच्या आत सिनेमा संपायचा. हे म्हणायचे, "बस? येवढाच?"

"एवढाच," मी म्हणायची, आणि त्यांना वाढायला घ्यायची.